आलात, बरं झालं

मालन गेली त्या सकाळी मी कुंभार गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या वॉलच्या खड्ड्यात उतरलो होतो. नगरपालिकेत पाणी सोडायचं माझं काम. रोज आधी आमच्या सुतार गल्लीला पाणी सोडायचं, मग कुंभार गल्लीला, मग पेठेला. लोखंडी चावी अर्धी फिरवून झाली होती, तेवढ्यात वर चपला वाजल्या. शेजारच्या अंबूआक्कांचा थोरला, विलास, खड्ड्यात वाकून बघत होता.

"जगूभाऊ, वर या. वहिनींना कसंतरी झालंय."

"काय झालंय?"

"पडल्यात. नळापाशी."

"चक्कर आली असंल. चहाशिवाय पोटात काही घालत न्हाई सकाळी. तोंडावर पाणी मारा. एवढी गल्ली सोडतो आणि येतो."

"आत्ताच चला, भाऊ."

"अरे, अर्धी चावी फिरलीय. बाया हंडे लावून बसल्यात."

विलास तिथंच उभा राहिला. मी चावी पुरी फिरवली, पाण्याचा आवाज नीट लागला का ते ऐकलं, झाकण बसवलं आणि मग त्याच्याबरोबर निघालो. वाटेत त्यानं माझ्या हातातली चावी स्वतःकडे घेतली. ती कुणाला मी देत नसे. त्या दिवशी त्यानं ती का घेतली, ते मला घराशी पोचल्यावर कळलं.

अंगणात बायकांची गर्दी होती. मालनला ओट्यावर निजवलं होतं. अंबूआक्कांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिचा पदर भिजून काळा झाला होता. तिकडं कोपऱ्यात नळ तसाच चालू होता आणि हंडा भरून पाणी गटारीला चाललं होतं.

मी म्हणालो, "नळ कुणी चालू ठेवला?"

आणि मी जाऊन नळ बंद केला.

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. अंबूआक्का हळूच म्हणाल्या, "जगू, बस हितं. ती गेली रं."

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की पडली तेव्हाच जीव गेला होता, कुणी काही करू शकलं नसतं. ते वाक्य मला लोकांनी पुष्कळ वेळा ऐकवलं. माझ्या समाधानासाठीच ऐकवलं. मीही ते पुष्कळांना ऐकवलं.

आता मालनची एक सवय सांगायला हवी. सकाळी नळाला पाणी आलं की ती पहिली ओंजळ भरायची, डोळ्यांना लावायची आणि म्हणायची, "आलंस, बरं झालं." मग हंडा लावायची. गॅस पेटला की, "पेटलास, बरं झालं." पावसाळ्याच्या दिवसांत दोरीवरचं धुणं वाळलं तर त्या दोरीलाही. हात जोडणं नाही, मंत्र नाही. शेजारीण दारात आली की जसं बोलतात, तसं.

लग्न झालं तेव्हा मला त्याची गंमत वाटायची. पुढं राग यायला लागला.

एकदा मी तिला म्हणालो होतो, "पाणी नळातनं आपोआप येतंय होय? मी सोडतो. बरं म्हणायचं तर मला म्हण."

ती पीठ मळत होती. म्हणाली, "तुम्हाला पण म्हणते की."

"कधी?"

"रोज."

मला वाटलं, थट्टा करतेय. मी पायांत चपला घातल्या आणि कामाला गेलो.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरलं होतं. मालनचा भाऊ हणमंत, तो तिला अक्का म्हणायचा, गावाकडून आला होता. माझी मुलगी वैजयंता, तिला आम्ही वैजू म्हणतो, इस्लामपूरला दिलेली, ती पहिल्या दिवसापासून होती. सुतकात आमच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून अंबूआक्का भाकऱ्या आणि पिठलं घेऊन आल्या होत्या. आम्ही पंगत धरून जेवत होतो.

हणमंत म्हणाला, "दाजी, उद्या घाटावर काय बोलायचं ते ठरवून ठेवा."

"कशाचं?"

"कशाचं म्हणजे? कावळा न्हाई शिवला तर? काहीतरी कबूल करावं लागंल न्हवं अक्काला. ऐनवेळी सुचत न्हाई. आमच्या तात्यांच्या वेळी दुपार झाली. पोरींची लग्नं करतो म्हणलं, न्हाई. वाटणी नीट करतो म्हणलं, न्हाई. कावळं झाडावर बसल्यात, बघत्यात, पण खाली एक येईना. शेवटी म्हातारी आत्ती म्हणाली, तुमचा तांबडा खोंड विकणार न्हाई. झालं. बदाबदा चार खाली आलं."

"खोंड विकलाच की तुम्ही नंतर," अंबूआक्का म्हणाल्या.

"ते नंतर. कावळ्याला कुठं पावती दिली होती?"

दोघंतिघं हसले. वैजूही थोडी हसली. मग हणमंतनं भाकरीचा तुकडा हातात धरूनच मला विचारलं, "तर अक्काचं काय राहिलं होतं? कशात जीव होता?"

मी घास चावत राहिलो. सगळे थांबले होते.

"बोरमाळ," मी म्हणालो. "बोरमाळ करायची होती तिला."

वैजू म्हणाली, "आप्पा, बोरमाळ तुमच्या मनात होती. मी माझी दिली होती आईला गेल्या दिवाळीला, तर दोन दिवस घालून परत पाठवली. टोचते म्हणाली."

"मग तुळजापूर."

"तुळजापूरला जाऊन आली की ती आमच्याबरोबर. तुम्हाला सुट्टी नव्हती, तुम्ही आला नाहीत."

सुट्टी नव्हती हे मला आठवत होतं, पण ती जाऊन आली हे लक्षात नव्हतं. मग मी म्हणालो, "घरात नवा गॅस घ्यायचा होता," आणि म्हणता म्हणताच मला कळलं की तोही माझाच विचार. आमचा जुना गॅस ती रोज पुसून म्हणायची, अजून चांगला चालतोय.

हणमंत म्हणाला, "असं कसं दाजी? एवढा संसार केला. बाईमाणूस एकदा तरी बोलत असंल, हे पायजे, ते पायजे."

"बोलायची नाही ती."

"बोलायची," अंबूआक्का म्हणाल्या.

त्या पिठल्याचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. आमच्या दोघांच्या घरांमधे एकच भिंत, आणि नळ त्या भिंतीच्या टोकाला. दोघी बायका रोज तिथं भेटायच्या. आक्कांचं तोंड फटकळ, पण त्या दिवशी त्या चाचरत बोलल्या.

"आता सांगावं का न्हाई. हसत म्हणाली होती एकदा. नळावर आम्ही नवऱ्यांची उणीदुणी काढत होतो. मी म्हणलं, तुझं काय गं मालन, तू कधी बोलत न्हाईस. तर म्हणाली, माझं काही न्हाई, आक्का. फकस्त एकदा जेवताना म्हणावं यांनी, चांगलं झालंय. बस्स. आणि आपली हसली, हंडा उचलून गेली."

पंगतीत फक्त ताटांचा आवाज.

मग हणमंत हसला. "एवढंच? अक्का पण येडीच. दाजी, सोपं झालं की तुमचं. उद्या घाटावर म्हणून टाका. चांगलं झालंय. हाय काय, न्हाई काय."

मी मान हलवली. मान वर करून वैजूकडं बघायचं धाडस झालं नाही.

मी जेवताना बोलत नसे असं नाही. मीठ कमी असलं तर बोलायचो. भाकरी जाड झाली तर बोलायचो. काही बोललो नाही म्हणजे चांगलं झालंय, हे तिला समजतं असं मी धरून चाललो होतो. माझे वडील असेच जेवायचे. चांगलं झालंय म्हणायला तोंड उघडणारा माणूस आमच्या घरात मी पाहिलेला नव्हता. आणि आता ते गावासमोर, नदीच्या घाटावर, मुंडण केलेल्या डोक्यानं, भाताच्या गोळ्यासमोर उभं राहून म्हणायचं होतं.

आक्का माझ्या ताटात पिठलं वाढायला वाकल्या. "अजून घालू का रं, जगू?"

"नको. झालं," मी म्हणालो. पिठलं चांगलं झालं होतं.

सकाळी घाटावर निघालो तेव्हा वैजू पण निघाली. हणमंत म्हणाला बायका कशाला, तर ती म्हणाली, "माझी आई आहे. मी येणार." वाटेत ती माझ्या शेजारून चालत होती. तिच्या हातात एक डबा होता, फडक्यात बांधलेला. पिंडाजवळ मेलेल्या माणसाच्या आवडीचं ठेवतात, ते तिनं शेजारच्या घरात जाऊन करून आणलं होतं.

मी विचारलं, "काय केलंस?"

"वांग्याचं भरीत, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी."

"आणि दोडका? दोडक्याची भाजी करायची होतीस. तिला फार आवडायची. रोज खायची."

वैजू चालता चालता थांबली नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. म्हणाली, "आप्पा, दोडका तुम्हाला आवडत नव्हता. ताटात टाकून द्यायचात. उरलेला वाया जायला नको म्हणून आई खायची. तिला दोडका अजिबात आवडायचा नाही."

ती डबा सांभाळत पुढं झाली.

घाट येईपर्यंत मी मनाशी वाक्य जुळवत होतो. चांगलं झालंय, असं नुसतं म्हणून भागणार नव्हतं, कारण आता झालेलं काही नव्हतंच. शेवटी ठरवलं, म्हणायचं, मालन, तुझ्या हातचं सगळं चांगलं होतं, मी म्हणालो नाही. एवढं मोठ्यानं म्हणायचं. कावळा शिवो न शिवो. चालताना मी ते ओठांतल्या ओठांत पाचपन्नास वेळा म्हटलं असेल. प्रत्येक वेळी शेवटच्या दोन शब्दांपाशी आलो की परत पहिल्यापासून सुरू करायचो.

नदीला पाणी बेताचं होतं. गुरुजींनी विधी केले. मी सांगतील तसं करत गेलो, पाणी सोडा म्हणाले की पाणी सोडलं. गल्लीतले वीसेक जण आले होते. पाणीपुरवठ्याचे साहेब आले होते, बरोबरचे दोघं वॉलमन आले होते. पलीकडं वडाच्या झाडावर कावळे होते. मी ते आधीच बघून ठेवले होते.

पिंड दगडावर ठेवला. वैजूनं डबा उघडून भरीत, भाकरी मांडली. गुरुजी म्हणाले, "आता सगळ्यांनी मागं व्हा. यजमान, तुम्ही पुढं या. हात जोडा. काही सांगायचं असेल तर सांगा."

सगळे मागं सरले. हणमंतनं मला डोळ्यानं खुणावलं. मी दोन पायऱ्या खाली आलो. हात जोडले. पाठीमागं साहेब उभे आहेत, विलास उभा आहे, वैजू उभी आहे, हे न बघताही जाणवत होतं. मुंडण केलेल्या डोक्याला वारा लागत होता. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "मालन."

आणि कावळा आला.

झाडावरचा नाही. कुठून आला ते कुणाला दिसलं नाही. सरळ येऊन पिंडावर चोच मारली, भरतातला एक घास उचलला आणि नदीवरून पलीकडं गेला. त्याच्यामागून दुसरे दोन उतरले.

"शिवला," कुणीतरी म्हणालं. "लगेच शिवला की."

हणमंत रडायलाच लागला. "अक्का, अक्का," म्हणत त्यानं पायरीवर डोकं टेकलं. लोक पुढं आले. कुणी माझ्या खांद्यावर हात ठेवला, कुणी पाठीवर. साहेब म्हणाले, "जगन्नाथ, भाग्यवान आहात. तृप्त होऊन गेल्या." गुरुजी पंचा पिळत होते. ते म्हणाले, "एवढं पटकन मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही. बाईची काहीही वासना राहिली नव्हती. तुम्ही तिला काही कमी पडू दिलं नाहीत, याचीच खूण ही."

मी हात जोडलेलेच ठेवले होते. ते वाक्य तोंडात होतं. तेव्हाही म्हणता आलं असतं. कावळा शिवल्यावर बोलायचं नाही असा काही नियम नाही. गुरुजींना म्हणता आलं असतं, की तसं नाही, तुम्हाला माहीत नाही.

पण मला काय वाटलं ते सांगतो. मला सुटल्यासारखं वाटलं. शाळेत धडा पाठ नसताना, आपला नंबर यायच्या आत घंटा झाली की वाटतं, तसं. माझी बायको जाऊन दहा दिवस झाले होते आणि तिच्या पिंडापुढं उभं राहून मला हायसं वाटत होतं.

मी साहेबांना म्हणालो, "आपली कृपा."

वैजू डबा आवरत होती. तिनं मान वर करून एकदाच माझ्याकडं पाहिलं आणि परत फडकं बांधायला लागली.

तेरावं झालं, पाहुणे गेले. मी कामावर रुजू झालो. एके दिवशी सकाळी आमच्या गल्लीचं पाणी सोडून मी चहाला घरी आलो, तर अंबूआक्का नळावर होत्या. मालनचा हंडाही त्याच भरून ठेवायच्या. मी ओट्यावर बसलो आणि त्यांना विचारलं. किती दिवस डोक्यात होतं ते.

"आक्का, तुम्ही त्या दिवशी म्हणालात तिची ती इच्छा राहिली होती. मग कावळा कसा शिवला? मी तर काही बोललो नव्हतो."

आक्का हंडा धुवत होत्या. म्हणाल्या, "मी कुठं म्हणलं राहिली होती? एकदा बोलली होती, एवढंच म्हणलं."

"म्हणजे?"

"जगू, ती बाई काही उरवून ठेवायची न्हाई. सकाळी पाण्याला म्हणायची, गॅसला म्हणायची, संध्याकाळी तू कामावरनं आलास की तुला म्हणायची. मी भिंतीच्या पलीकडनं ऐकायची न्हवं. रोजचं रोज म्हणून मोकळी. अशा बाईचं काय मागं राहणार? तुझ्या एका शब्दासाठी झाडावर बसून राहती व्हय ती?"

"मला काय म्हणायची?"

आक्कांनी हंड्यावरचा हात थांबवला. "तुला ठावं न्हाई?"

मला ठाऊक होतं. ते विचारता विचारताच मला ऐकू आलं. मी दारात चपला काढायचो, तेव्हा ती आतून म्हणायची, "आलात, बरं झालं." रोज. नळाला म्हणायची त्याच आवाजात. आणि मी म्हणायचो, "न येऊन जातो कुठं?" कधी तेही म्हणत नसे. हातपाय धुऊन पाटावर बसायचो.

मी आक्कांपुढं खाली मान घालून बसलो. त्यांनी हंडा माझ्या ओट्यावर आणून ठेवला. म्हणाल्या, "चहा कर. का मी करू?" मी म्हणालो, करतो. त्या गेल्या. इतके दिवस त्या माझा हंडा भरत होत्या, त्याबद्दलही मी काही बोललो नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. मी निवृत्त झालो. अंबूआक्काही गेल्या. आता सकाळी पाणी दुसरा कुणी सोडतो, आणि मी नळापाशी हंडा लावून बसतो, आमच्या गल्लीतल्या बायांसारखा. पाणी आलं की पहिली ओंजळ मी डोळ्यांना लावतो. "आलंस, बरं झालं," म्हणतो. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा आजूबाजूला बघून म्हणालो. आता काही वाटत नाही. गॅसला म्हणतो. ऊन पडलं तर उन्हाला म्हणतो. वस्तूंना म्हणणं सोपं आहे. त्या तोंडाकडं बघत नाहीत.

गेल्या दिवाळीला वैजू आली होती. तिनं भरीत केलं. आईसारखंच केलं होतं, वांगं गॅसवर भाजून, वर कच्च्या कांद्यासकट. मी पहिला घास घेतला. ती पळी हातात घेऊन समोर उभी होती. काही विचारलं नाही तिनं, नुसती उभी होती, आणि ती कशाला उभी आहे ते मला कळत होतं. मी घास गिळला. तोंड उघडलं.

"मीठ बरोबर आहे," मी म्हणालो.

ती म्हणाली, "अजून वाढू?"

मी ताट पुढं केलं. तिनं वाढलं आणि ती आत गेली. दोन दिवसांनी ती इस्लामपूरला परत गेली, मी तिला स्टँडवर सोडायला गेलो, गाडी सुटेपर्यंत उभा राहिलो.

भरीत चांगलं झालं होतं. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.